‘कल्चर’: एका शब्दाची मशागत

‘सिंधू संस्कृती’, ‘सुसंस्कृत गृहस्थ’ आणि ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ हे तीन शब्दप्रयोग मराठी वाचकाच्या इतके अंगवळणी पडले आहेत की, त्यांत काही अडचण असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु या तिन्हींतली संस्कृती एक नव्हे. सिंधू संस्कृती म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर भाजक्या विटांची घरे, मुद्रा, वजनमापे, गटारे असे एका समाजाचे समग्र जगणे असते. त्या समाजातला प्रत्येक माणूस सभ्य होता की नव्हता, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. सुसंस्कृत गृहस्थ म्हणताना मात्र आपण एका व्यक्तीला गुण देत असतो आणि न बोलता दुसऱ्या कोणाचे तरी गुण कापत असतो. सांस्कृतिक कार्यक्रमात तर गाणे, नाच, नाटक एवढेच येते. त्याच सभागृहामागे चाललेला स्वयंपाक त्यात धरला जात नाही. समग्र जगणे, मनाचा परिष्कार आणि कलाव्यवहार हे तीन अर्थ एकाच शब्दात नांदताहेत आणि आपली समीक्षा, आपल्या प्रश्नपत्रिका व आपली भाषणे या अर्थांमधून बेमालूम ये-जा करीत असतात.

ही तिपेडी गुंतागुंत ‘संस्कृती’ या शब्दाने बऱ्याच अंशी इंग्रजीतील ‘कल्चर’कडून घेतली आहे. इंग्रजी भाषेतील सर्वांत अवघड अशा दोन-तीन शब्दांमध्ये ‘कल्चर’ची गणना करावी लागेल, असे रेमंड विल्यम्स यांनी ‘कीवर्ड्स’ (१९७६) या ग्रंथात म्हटले आहे आणि वर सांगितलेले तीन अर्थही मुख्यतः त्यांनीच वेगळे करून दाखविले आहेत. क्रोबर आणि क्लकहोन या अमेरिकन मानवशास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये या एका शब्दाच्या १६४ व्याख्या जमविल्या होत्या. आमचा हेतू त्यांत १६५ व्या व्याख्येची भर घालण्याचा नाही. हा शब्द कोठून निघाला, वाटेत त्याने काय टाकून दिले आणि त्याच्या जागी आपण बसविलेला शब्द कोणता वारसा घेऊन आला, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

‘कल्चर’चे मूळ ‘कोलेरे’ या लॅटिन धातूत आहे. या धातूचे अर्थ अनेक: वस्ती करणे, जमीन कसणे, सांभाळ करणे, पूजा करणे. वस्ती आणि शेती या अर्थांतून ‘कोलोनुस’ म्हणजे कसणारा, वसाहत करणारा हा शब्द झाला आणि त्याच्या वंशात पुढे ‘कॉलनी’ जन्मली. पूजेच्या अर्थातून ‘कल्टुस’ आणि त्यापासून ‘कल्ट’ आला. जमीन कसण्याच्या अर्थातून ‘कल्टुरा’ आला. तोच फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत ‘कल्चर’ झाला आणि पंधराव्या शतकापासून पिकांची व जनावरांची जोपासना या अर्थाने वापरला जाऊ लागला. ‘अ‍ॅग्रिकल्चर’मध्ये हा अर्थ आजही उघड दिसतो. नांगर, देव आणि वसाहत यांची अशी एका धातूपाशी गाठ पडावी, हा निव्वळ शाब्दिक योगायोग नाही. जमीन ताब्यात घेणे, ती कसणे आणि तिच्या दैवताला भजणे ही प्राचीन समाजात एकाच व्यवहाराची अंगे होती. आपल्याकडील गावदेवी आणि शिवार यांचे नाते आठवले, तर हे समजण्यास कष्ट पडणार नाहीत.

शेताचा हा शब्द मनाला प्रथम ठळकपणे लावला तो सिसेरोने. इ.स.पू. ४५ मध्ये लिहिलेल्या ‘टस्क्युलन डिस्प्युटेशन्स’मध्ये तो तत्त्वज्ञानाला मनाची मशागत म्हणतो. जमीन कितीही सुपीक असली तरी कसल्याविना पिकत नाही, तसेच मनही शिक्षणाविना पिकत नाही, असा त्याचा आशय. रूपक सुंदर आहे, यात शंका नाही. मात्र सिसेरोच्या वर्गातील माणसांची शेते कोण कसत होते, हे विचारले की त्याच रूपकाची दुसरी बाजू दिसू लागते. त्याच्या आधी सुमारे शंभर वर्षे ज्येष्ठ केटोने शेतीवर लिहिलेला ग्रंथ ‘दे अग्री कुल्तुरा’ याच नावाने ओळखला जातो. त्यात शेतमालकाला दिलेल्या सल्ल्यांपैकी एक असा आहे, की थकलेले बैल, जुनी अवजारे यांच्याबरोबर म्हातारा गुलाम आणि आजारी गुलामही विकून टाकावा. सिसेरोचा समकालीन व्हॅरो शेतीच्या साधनांचे वर्गीकरण करताना गुलामाला बोलणारे साधन म्हणतो. मनाच्या मशागतीचे रूपक ज्या समाजात रुजले, त्यात प्रत्यक्ष मशागत करणाऱ्याच्या मनाची मशागत हा विषयच नव्हता. या शब्दाच्या पुढच्या दोन हजार वर्षांच्या इतिहासात ही गोष्ट वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा भेटते.

इंग्रजीत मनाच्या मशागतीचे रूपक सोळाव्या-सतराव्या शतकांत रुळले. बेकनने १६०५ मध्ये नीतिशिक्षणाला मनाची ‘जॉर्जिक्स’ म्हटले, ते व्हर्जिलच्या शेतीविषयक काव्याचे नाव डोळ्यांसमोर ठेवूनच. हॉब्जने १६५१ मध्ये मुलांच्या शिक्षणाला मनांचे ‘कल्चर’ म्हटले. या काळातील प्रयोगांत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ‘कल्चर’ हे तेव्हा नेहमी कशाचे तरी असते: जमिनीचे, द्राक्षवेलींचे, मनाचे. ती एक क्रिया आहे, तिला कर्म आहे आणि शोधला तर कर्ताही आहे. मराठीतील ‘मनाची मशागत’ हा प्रयोग अगदी याच जातीचा. ‘मशागत’ या शब्दाच्या मुळाशी अरबी ‘मशक्कत’ म्हणजे कष्ट आहेत आणि ते कष्ट शब्दातून अजून पुरते पुसले गेलेले नाहीत.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ‘कल्चर’ मात्र कशाचेच राहिनासे झाले. कर्म गळून पडले, क्रिया थिजली आणि तिची वस्तू बनली. आता माणसाजवळ कल्चर असू किंवा नसू लागले. जर्मनीत हेर्डरने १७८४ ते १७९१ या काळात प्रसिद्ध झालेल्या आपल्या मानवेतिहासविषयक ग्रंथात, युरोपचे कल्चर हेच मानवजातीचे शिखर आहे या समजुतीवर हल्ला चढविला. वेगवेगळ्या लोकसमूहांची कल्चर वेगवेगळी असतात, म्हणजे या शब्दाचा विचार अनेकवचनात केला पाहिजे, हा विचार त्याच्यापासून बळावला. पुढे इंग्रजीत हे दोन प्रवाह दोनच वर्षांच्या अंतराने दोन ग्रंथांत स्थिरावले. मॅथ्यू आर्नल्डच्या ‘कल्चर अँड अनार्की’त (१८६९) कल्चर म्हणजे जगात जे उत्तमोत्तम विचारले आणि बोलले गेले त्याचा ध्यास, पूर्णत्वाचा शोध. एडवर्ड टायलरच्या ‘प्रिमिटिव्ह कल्चर’मध्ये (१८७१) कल्चर म्हणजे ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी अशा, समाजाचा घटक म्हणून माणसाने संपादिलेल्या सर्व गोष्टींचा गुंतागुंतीचा समुच्चय. आर्नल्डचे कल्चर कमवावे लागते. टायलरचे कोणत्याही समाजाला चुकत नाही. अर्थात टायलरच्या ग्रंथनामातील ‘प्रिमिटिव्ह’ हे विशेषण विसरता येत नाही. सर्वांना कल्चर आहे असे मान्य करूनही पायऱ्या शिल्लक ठेवता येतात, हे त्या एका विशेषणाने दाखविले.

आर्नल्डला केवळ अभिजनांचा कैवारी ठरविणे अन्यायाचे होईल. १८५१ ते १८८६ अशी पस्तीस वर्षे त्याने शाळातपासनीसाची नोकरी केली, सामान्यांच्या मुलांच्या शाळा आतून पाहिल्या. कल्चरने वर्गभेद मिटवावेत, हीच त्याची आकांक्षा होती. पण त्याचा ग्रंथ ज्या अस्वस्थतेतून आला, तिची पार्श्वभूमीही पाहिली पाहिजे. १८६६ मध्ये मताधिकारासाठी जमलेल्या लोकांनी लंडनच्या हाइड पार्कचे कठडे पाडले. १८६७ च्या कायद्याने शहरी कामगारांपैकी पुष्कळांना मत मिळाले. आर्नल्डला त्या गर्दीत अराजक दिसले आणि त्याच्यावरील उतारा म्हणून त्याने ‘कल्चर’ पुढे केले. शेतमजुराला तर त्या कायद्यातही जागा नव्हती. त्याच्यापर्यंत मताधिकार पोहोचावयास १८८४ साल उजाडावे लागले. ज्याच्या कामावरून शब्द घडला, तो माणूस त्या शब्दाविषयीच्या वादात सर्वांत शेवटी मोजला गेला.

याच सुमारास महाराष्ट्रात एक माणूस हाच हिशेब अगदी रोखठोक मांडीत होता, तोही ‘कल्चर’ वा ‘संस्कृती’ या शब्दाचा आधार न घेता. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन सादर केले. सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या श्रमांतून येतो आणि शिक्षणावर होणाऱ्या खर्चाचा लाभ मात्र वरिष्ठ वर्गांच्या पदरात पडतो, हा त्यातील एक प्रमुख मुद्दा होता. म्हणून प्राथमिक शिक्षण सर्वांपर्यंत नेण्याची त्यांची मागणी होती. पुढल्याच वर्षी त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. सिसेरोच्या रूपकात शेत आणि मन शेजारी शेजारी होते. त्या दोहोंमधील पैशाचा आणि श्रमाचा व्यवहार फुल्यांनी उघड केला: एकाच्या शेताच्या मशागतीवर दुसऱ्याच्या मनाची मशागत चालते. ‘कल्चर अँड अनार्की’ शिकविताना ‘असूड’ हाताशी ठेवावा, असे आम्हांला वाटते ते यासाठी. दोन्ही ग्रंथांत चौदा वर्षांचे अंतर आहे आणि दोन्हींपुढचा प्रश्न शिक्षणाने समाज कसा घडेल हाच आहे. पण एक शब्दाच्या माथ्यावरून पाहतो, दुसरा त्याच्या मुळाशी उभा राहून.

आता आपल्या शब्दाकडे वळू. एकोणिसाव्या शतकातील मराठी लेखक ‘सुधारणा’ हा शब्द मोठ्या ऐसपैसपणे वापरीत. सुधारलेले राष्ट्र म्हणजे प्रगत, सभ्य राष्ट्र. सामाजिक सुधारणा म्हणजे रूढींत बदल. १८८८ मध्ये निघालेल्या आगरकरांच्या ‘सुधारक’ पत्राच्या नावामागे हा सगळा अर्थविस्तार उभा आहे. ‘संस्कृती’ हा शब्द संस्कृतात जुनाच; ऐतरेय ब्राह्मणात शिल्पांच्या संदर्भात ‘आत्मसंस्कृती’ येते. परंतु ‘कल्चर’चा पर्याय म्हणून त्याचे चलन आधुनिक आहे आणि या चलनात मराठीचा वाटा महत्त्वाचा आहे. याची साक्ष बंगालीतून मिळते. भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चट्टोपाध्याय यांनी नोंदविले आहे, की १९२२ मध्ये पॅरिसमध्ये एका महाराष्ट्रीय मित्राकडून ‘कल्चर’साठी ‘संस्कृती’ हा शब्द त्यांना मिळाला. मराठीत तो रुळलेला होता. बंगालीला नवा होता. त्यांनी तो रवींद्रनाथ ठाकुरांच्या कानावर घातला आणि रवींद्रनाथांनी पसंत केला.

रवींद्रनाथांनी पसंत केला, तो एका स्पर्धकाला मागे सारून. बंगालीत ‘कल्चर’साठी ‘कृष्टि’ हा शब्द पुढे आला होता. ‘कृष्’ म्हणजे नांगरणे. ‘कल्चर’ नांगरातून आला, तसाच त्याचा प्रतिशब्दही नांगरातून यावा, हा त्यामागचा तर्क चोख होता. रवींद्रनाथांना तो शब्द बोचला. मनाच्या परिष्कारासाठी त्यांना त्यातला शेतीचा गंध रुचला नाही. त्यांना शेतीचे वावडे होते, असा अर्थ मात्र यातून काढता येणार नाही. मुलाला, रथींद्रनाथांना, त्यांनी १९०६ मध्ये शेतीशास्त्र शिकण्यासाठी अमेरिकेस धाडले होते आणि ज्या वर्षी सुनीतिकुमारांना पॅरिसमध्ये ‘संस्कृती’ भेटली, त्याच १९२२ मध्ये सुरूल येथे ग्रामपुनर्रचनेचे केंद्र, म्हणजेच पुढचे श्रीनिकेतन, सुरू केले. शेतीवर एवढी माया असलेल्या कवीलाही ‘कल्चर’च्या प्रतिशब्दात माती नकोशी वाटली, यावरून तो इंग्रजी शब्द तोवर मातीपासून किती दूर गेला होता, हे कळते. नाकारल्या गेलेल्या ‘कृष्टि’ची आणखी एक ओळख सांगण्यासारखी आहे. ऋग्वेदात हा शब्द लोक, जनसमूह या अर्थाने येतो. भारतीय भाषांना नांगर आणि लोक या दोहोंना सामावणारा शब्द मिळू शकत होता. आपण दुसरा निवडला.

त्या दुसऱ्या शब्दात काय आहे? ‘संस्कृती’, ‘संस्कृत’, ‘संस्कार’ या साऱ्यांत ‘सम्’ आणि ‘कृ’ यांच्यामध्ये एक ‘स्’ येऊन बसला आहे. हा ‘स्’ केव्हा येतो, हे पाणिनीने अष्टाध्यायीच्या सहाव्या अध्यायाच्या पहिल्या पादात लागोपाठच्या दोन सूत्रांत सांगितले आहे. पहिल्या सूत्रानुसार भूषण, म्हणजे सजविणे, हा अर्थ असताना तो येतो. दुसऱ्यानुसार समवाय, म्हणजे एकत्र येणे, जमणे, हा अर्थ असतानाही येतो. अन्न तयार करण्यासाठीही पाणिनी ‘संस्कृत’ हाच शब्द योजतो. टीकाकार उदाहरण देतात ते दह्याने सिद्ध केलेल्या ‘दाधिक’ पदार्थाचे. तेव्हा या शब्दाच्या घडणीत अलंकार आहे, समुदाय आहे आणि स्वयंपाकघरही आहे.

व्यवहारात मात्र भूषणाने समवायावर मात केली. याचे कारण व्याकरणात नाही, समाजात आहे. ‘संस्कार’ हा धर्मशास्त्राचा पारिभाषिक शब्द झाला आणि धर्मशास्त्राने तो सर्वांना सारखा वाटला नाही. मनुस्मृतीप्रमाणे स्त्रियांचे विवाहाखेरीजचे संस्कार मंत्रांविना करावयाचे आणि शूद्राला उपनयनाचा अधिकार नाही. ‘संस्कार नाहीत’ हा शेरा आजही आपण किती सहज मारतो आणि तो कोणत्या वस्तीतील मुलांच्या वाट्याला अधिक येतो, हे कोणत्याही शिक्षकाला ठाऊक आहे. ‘संस्कृती’ हा शब्द त्याच घरातून आल्यामुळे त्याच्या अंगावर हा जुना निवाडा आहे. इंग्रजी शब्दाने शेत मागे टाकले. आपला शब्द उंबरठा बरोबर घेऊनच आला.

तरीही मराठीने हा शब्द तेथेच ठेवला नाही, याची नोंद घेतली पाहिजे. धर्मानंद कोसंबी यांचा ‘हिंदी संस्कृति आणि अहिंसा’ (१९३५), साने गुरुजींचा ‘भारतीय संस्कृती’ (१९३७), तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचा ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ (१९५१) आणि इरावती कर्वे यांचा ‘मराठी लोकांची संस्कृती’ (१९५१) हे ग्रंथ ओळीने ठेवले, तर एकाच शब्दाने किती निरनिराळी कामे केली आहेत ते दिसते. साने गुरुजींची संस्कृती आदर्शांची आहे. इरावतीबाईंची लोकांच्या प्रत्यक्ष जगण्याची. पुरातत्त्वज्ञांनी तर निवाडा पार पुसून टाकला. संगमनेर तालुक्यातील जोर्वे या खेड्याच्या नावाने ‘जोर्वे संस्कृती’ ओळखली जाते. काळ्या रंगाने चितारलेली तांबडी, तोटीची भांडी ही तिची खूण. ‘वैदिक संस्कृती’ आणि ‘जोर्वे संस्कृती’ या दोन्ही प्रयोगांत शब्द तोच असला, तरी दुसऱ्यापाशी ना मंत्र आहे ना अधिकार. आहेत ती मडकी, धान्य आणि घरांचे पाये.

इंग्रजीतही शब्दाला जमिनीवर आणण्याचे काम विसाव्या शतकाच्या मध्यावर झाले. टी. एस. एलियटने १९४८ च्या आपल्या पुस्तकात इंग्रजांच्या कल्चरची यादी करताना घोड्यांच्या शर्यती, चीज, उकडलेला कोबी आणि एल्गरचे संगीत एका पंक्तीत बसविले. पण एलियटला त्या सर्वांच्या माथ्यावर अभिजनवर्ग हवाच होता. त्यापुढचे पाऊल विल्यम्सने टाकले. हा वेल्सच्या सीमेवरील खेड्यातला, रेल्वेच्या सिग्नलमनचा मुलगा. त्याचे आजोबा शेतमजूर होते आणि राहत्या झोपडीतून हुसकावले गेल्यावर उतारवयात रस्त्याच्या कामावर गेले. केंब्रिजच्या विद्वत्तेपेक्षा तेथील चहाच्या दुकानातील ऐट विल्यम्सला अधिक खुपली. कल्चर म्हणजे विशिष्ट माणसांच्या वागण्याबोलण्याची बाह्य खूण, हा अर्थ त्याला तेथे भेटला. १९५८ च्या निबंधात त्याने कल्चर ही सर्वसामान्य गोष्ट आहे असे ठामपणे मांडले. मात्र हे करताना आर्नल्डचा अर्थ फेकून दिला नाही. समाजाचे सामाईक जगणे आणि व्यक्तीच्या मनाची धडपड या दोन्हींसाठी हा शब्द लागतो, असे त्याचे म्हणणे होते. शेतमजुराच्या नातवाने केलेली ही परतफेड सिसेरोच्या रूपकातील जुनी उणीव भरून काढणारी आहे.

साहित्याच्या अध्यापनात हा इतिहास कशासाठी हवा? नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७० च्या दशकाच्या आरंभी आला, तेव्हा आणि पुढे दलित आत्मकथने आली तेव्हाही, त्यांची भाषा असंस्कृत असल्याचा आक्षेप घेतला गेला. हा आक्षेप पहिल्या अर्थातील संस्कृतीचा, म्हणजे भूषणाचा. विजय तेंडुलकरांनी ‘गोलपिठा’च्या प्रस्तावनेत वेगळी वाट धरली. त्या कवितांतील अनेक शब्द आपल्याला कळत नाहीत हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले आणि कवीला त्यांचे अर्थ विचारले. ही वाट दुसऱ्या अर्थाची: येथे लोक राहतात, त्यांची म्हणून एक शब्दसृष्टी आहे आणि ती आपण शिकली पाहिजे. एकाच शब्दाचा कोणता अर्थ आपण धरतो, यावर एखादा वाचक कवितेपुढे परीक्षक होऊन बसतो की विद्यार्थी होऊन, हे ठरते. ‘या कादंबरीतील ग्रामीण संस्कृतीचे चित्रण स्पष्ट करा’ असा प्रश्न आपण काढतो. ‘नागरी संस्कृतीचे चित्रण’ मात्र क्वचितच विचारतो. तेथे आपण ‘जाणीव’, ‘संवेदना’ असे शब्द योजतो. खेड्याला टायलर आणि शहराला आर्नल्ड, अशी ही नकळत झालेली वाटणी आहे.

दरम्यान ‘कल्चर’ हा शब्द त्याच्या मूळ मालकाकडे भलत्याच वाटेने परत आला आहे. १८८० च्या दशकात जंतुशास्त्राने प्रयोगशाळेत वाढविलेल्या जिवाणूंना हा शब्द लावला आणि तेथून तो मराठी मुलखात उतरला. दुग्धशाळेत विरजणाला ‘कल्चर’ म्हणतात. पेरणीपूर्वी शेतकरी कडधान्याच्या बियाण्याला ‘रायझोबियम कल्चर’ चोळतो. जळगाव भागातील केळी-उत्पादक ‘टिश्यू कल्चर’च्या रोपांची मागणी नोंदवितो, परिभाषाकारांनी घडविलेले ‘ऊती संवर्धन’ त्याच्या तोंडी सहसा नसते. आपल्या वर्गांत ‘कल्चर’चे भाषांतर ‘संस्कृती’ असे होते आणि बाहेर शिवारात तोच शब्द जोपासना या पंधराव्या शतकातल्या अर्थाने वापरला जातो. त्या शेतकऱ्याला कोणी ‘तुमचे कल्चर कोणते?’ असे विचारले, तर तो बियाण्याच्या पाकिटावरचे नाव सांगेल. हे उत्तर ऐकून वर्गात हशा पिकला, तर शिक्षकाने तेथे क्षणभर थांबावे आणि सिसेरोपासून फुल्यांपर्यंतची ही वाट विद्यार्थ्यांना दाखवावी. शेतकऱ्याचे उत्तर चुकीचे नाही. शब्दाचा पहिला अर्थ त्यालाच ठाऊक आहे.